चाचांच्या नाकासमोर

आमच्या वडलांना, अण्णांना, दारूनं नेलं. तोंडदेखलं कशाला बोलू? आजारबिजार नंतरचे, आधी दारूच. म्हणून टोमॅटोच्या गाड्या भरायला जाणारा धाकटा भाऊ एका संध्याकाळी तोंड फिरवून माझ्याशी बोलायला लागला, तेव्हा मी ओळखलं, हाही प्यायला लागला. भांडले, शिव्या घातल्या, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी!

त्याचा जीव फक्त कबड्डीत. आमच्या आळे गावात शाळेमागच्या मैदानावर पोरांना शिकवायचे ते चाचा. दिवसभर फाट्यावर पंक्चर काढायचे आणि संध्याकाळी मैदानावर हजर. त्यांचे उपकार माझ्याच्यानं सात जन्मांत फिटायचे नाहीत. त्यांची एक रीत होती. सरावाआधी प्रत्येकानं त्यांच्या नाकासमोर उभं राहून एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. दम किती टिकतो ते बघतो, असं सांगायचे. खरं काय बघतात, ते अख्ख्या गावाला ठाऊक. वास आला तर त्या पोराला ओरडायचे नाहीत. सगळ्या संघाचाच सराव बंद, सगळ्यांनी घरी जायचं.

आमचा शहाणा एकदा पिऊन गेला, तेही मूठभर वेलदोडे चावून. चाचा म्हणाले, "काय राव, कबड्डीला आलायस का बिर्याणीला?" पोरं खो खो हसली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आजचा सराव बंद. तालुक्याची स्पर्धा तोंडावर, आणि याच्यापायी सगळे घरी. कुणी त्याच्याशी बोललं नाही. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, चाचांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं गं."

त्यानंतर तो नीट राहिला, पण आईचा विश्वास बसेना. अशात त्याच्या मित्राची हळद आली. समोर डीजे आणि मांडवामागं बाटल्या, हे आमच्याकडं ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. आई देवापुढून हलेना. मी मनातल्या मनात चाचांनाच हात जोडले, दुसरं करणार काय!

जेवणवेळेला भाऊ अंगणात आला. गालाला हळद फासलेली. "ताई, वाढ लवकर, सकाळी उठायचंय."

आई दारात आली. त्याला बघता बघता तिला हुंदका फुटला. "तुझे अण्णा हळदीला गेले की दोघं धरून आणायची रं," ती म्हणाली. "या घरात हळदीवरनं आपल्या पायानं चालत आलेला तू पयलाच."