ऑपरेटरचा नंबर

सासरेबुवा टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. एका गावानं दुसऱ्या गावाशी काय बोलायचं ते त्यांच्या हातातल्या वायरींमधून जायचं. लग्नं ठरायची, माणसं जायची, भांडणं मिटायची. पण कॉल जोडून दिला की कान काढून घ्यायचा, हा त्यांचा नियम. चोरून ऐकणाऱ्या ऑपरेटरला ते उष्टं खाणारा म्हणत. आणि दुसरा नियम असा, की चुकीच्या ठिकाणी लागलेला माणूससुद्धा आपलाच. त्याला योग्य जागी पोचवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

निवृत्त झाल्यावर घरचा वायरवाला फोन त्यांनी काही काढून टाकू दिला नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा, खिशात मोबाइल आहे की तुमच्या." ते म्हणायचे, "ते खेळणं आहे. हा फोन आहे." सासूबाई गेल्या आणि एवढं बोलणंही थांबलं. ऑपरेटर तोंडात मिठाची गुळणी धरून खुर्चीत बसून राहिले. जेवायला हाक मारली की येत, अर्धं ताट तसंच ठेवून उठत. सुनेचा जीव तुटायचा. लग्न होऊन आली त्या दिवशी तिला माहेरी फोन लावून देऊन हे मुकाट्यानं खोलीबाहेर जाऊन उभे राहिले होते. बाकी सगळं सासर तिथंच ठाण मांडून बसलं होतं. ते ती कशी विसरेल?

सून कॉलेजच्या कार्यालयात कारकून. त्या वर्षी राज्यानं एक साइट काढली. सगळ्या कॉलेजांनी आपापले अभ्यासक्रम तिथं मांडायचे. काय शिकवता, किती महिने, फी किती, शेवटी हातात कुठलं प्रमाणपत्र पडतं, सगळं उघड. घरबसल्या कुणीही पाहावं. प्राचार्यबाईंनी सभेत "माहिती सगळ्यांची आहे" असं जोरदार भाषण केलं आणि काम सुनेच्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. भाषण करणारे एक आणि टाइप करणारे दुसरे, हे जगात सगळीकडे असंच.

तिनं वेल्डिंगपासून बालसंगोपनापर्यंत सगळं भरलं. राहिला संपर्काचा रकाना. तेव्हा कार्यालयाची फरशी उखडलेली, फोन मेलेला, आणि रकाना रिकामा ठेवला तर साइट पुढं सरकेना. तिनं तात्पुरता घरचा नंबर टाकला. नंतर बदलू म्हणाली. नंतर कसलं काय!

एका संध्याकाळी ती घरी आली तर सासरे दारातच उभे.

"अगं, मुलींना वेल्डिंग शिकवतात का?"

"शिकवतात की. का हो मामंजी?"

"एका बाईंचा फोन होता. लाँड्रीत इस्त्री करतात. मी म्हटलं, राँग नंबर. पण मग ठेववेना. उद्या करा, विचारून ठेवतो म्हटलं."

चूक कुठं झाली ते सुनेला जागच्या जागी कळलं. सकाळी पहिलं काम नंबर बदलायचं, असं तिनं ठरवलंही. पण जेवताना मामंजी त्या बाईंबद्दलच बोलत राहिले, आणि बोलता बोलता ताट पुढं करून म्हणाले, "वाढ अजून थोडं."

मग कुठला नंबर आणि कुठलं काय. तिनं जुना लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला आणि ती साइट उघडायला शिकवली.

आता घरात फोन खणखणायचा आणि ऑपरेटर ताठ बसून म्हणायचे, "बोला, कुठून बोलताय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कारण साइटवर सगळ्या राज्याची कॉलेजं, आणि यांना कळेना की जवळ असताना माणसानं लांब कशाला जावं! इस्त्रीवाल्या बाईंना त्यांनी त्यांच्याच गावातल्या कॉलेजचा पत्ता दिला. "बसभाडं वाचलं ना तुमचं? झालं तर मग!" घरात पुन्हा त्यांचं हसू ऐकू यायला लागलं. सून रोज म्हणायची, उद्या बदलते.

शेवटी भांडं फुटलं. इस्त्रीवाल्या बाईंच्या गावच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी प्राचार्यबाईंच्या मोबाइलवर आभाराचा फोन केला. "तुमच्या चौकशीतले आजोबा आमच्याकडे विद्यार्थी पाठवतात. मोठ्या मनाची तुमची संस्था!"

"कुठले आजोबा?" प्राचार्यबाई म्हणाल्या, आणि सुनेला बोलावणं आलं. तिनं काही लपवलं नाही.

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!" बाई कडाडल्या. "आपले वर्ग भरायचे की दुसऱ्यांचे? आत्ताच्या आत्ता नंबर बदला."

बदलला. घरी सांगितलं, तेव्हा मामंजी शांतपणे म्हणाले, "बरोबर केलंस. चुकीचा नंबर होता, दुरुस्त करायलाच हवा." पण दुसऱ्या दिवशी ते मधेच रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघत होते. ताट पुन्हा अर्धं राहू लागलं. सुनेला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका.

मग प्रवेशाचे दिवस आले. कार्यालयात झुंबड, प्राचार्यबाई स्वतः खिडकीशी उभ्या, आणि फोन वाजला. सुनेनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर घेतला, कारण रिसीव्हर धरायला हात मोकळा नव्हता.

"आजोबा आहेत का? मी इस्त्रीवाली. जुना नंबर हरवला, साइटवरून हा घेतला. मला प्रवेश मिळाला. कामावर अजून कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा त्यांना सांगायचं होतं. आणि माझ्या भाचीला तुमचा बालसंगोपनाचा कोर्स हवाय, पण ती म्हणते, आधी आजोबांशी बोलणार."

रांगेतली माणसं प्राचार्यबाईंकडे बघायला लागली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बघताय काय?" त्या सुनेवर खेकसल्या. "द्या जोडून. आणि यापुढं चौकशीचे सगळे फोन तिकडंच जोडत जा. इथं मरायला फुरसत नाही."

कार्यालयाच्या नव्या फोनवरून बाहेरही कॉल जोडता येत असे. सुनेनं घरचा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत रिसीव्हर उचलला गेला.

"मामंजी," ती म्हणाली, "तुमचा कॉल आहे. लाइनवर राहा, जोडून देते."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जोडून दिलं होतं. त्यांना कुणी जोडून देण्याची ही पहिलीच वेळ.

"दे," ते म्हणाले. मग घसा साफ करून, जुन्या खणखणीत आवाजात, "बोला, कुठून बोलताय?"

जोडून दिलं की कान काढून घ्यायचा, हे सुनेला ठाऊक होतं. पण ते हसेपर्यंत तिनं रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला, आणि मग हळूच खाली ठेवला.