फ्लॉपीवरचं हळदकुंकू

कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा लोक तो बघायला ट्रॅक्टर करून यायचे. मी त्याच्यासमोर बसायचे, म्हणून मलाही बघायचे. सोलापुरात मावशीकडे राहून कोर्स केलेली बौद्ध वस्तीतली पोरगी काचेच्या केबिनीत पंख्याखाली बसते, याचं काहींना कौतुक होतं आणि काहींना ते खुपायचं. कौतुकवाले काचेबाहेरून बघून जायचे. खुपणारे आत येऊन विचारायचे, "सगळं मशीनच करतंय, मग तुला पगार कशाचा?"

सहकारी साखर कारखाना होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस नुसता तोंड दाखवून निघून जात होता. माझ्या यंत्रात उसाच्या नोंदी होत्या: कुठल्या गावात कुणी, किती ऊस, कधी लावला. ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी, असा नियम. नियम जुनाच होता, पण हाताच्या कारभारात संचालकांच्या भावकीचा ऊस दरवर्षी आधी पिकायचा. यंत्र आल्यावर ते बंद होईल असं मला खरंच वाटत होतं. यंत्राला पाहुणे-रावळे नसतात, असं मी ज्याला त्याला सांगायचे. तेव्हा माझं वयही तसंच होतं.

माझी आत्या तेरच्या पुढच्या एका गावात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात एक मुलगी, आणि दोन एकर रान. त्या रानात तिनं विहीर पाडली, कारखान्याची सभासद झाली आणि आदल्या दिवाळीच्या आगेमागे ऊस लावला. त्यांच्या वस्तीतला तो पहिला ऊस. माणसं बांधावरून जाताना मुद्दाम थांबून बघायची. मुलगी नववीत होती, बोर्डिंगात राहून शिकत होती. आत्यानं ठरवलं होतं, की ऊस गाळपाला गेला की पोरीची दहावी आणि पुढचं कॉलेज त्यातनं करायचं. आणि ऊस नाहीच गेला तर काय, हेही तिनं ठरवलेलं होतं. ते तिनं मला एकदाच सांगितलं: "मग काय, पोरीला घेऊन टोळीत जायाचं. लोकाचा तोडायचा."

त्या वर्षी मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच. आत्याच्या विहिरीचं पाणी मार्गशीर्षापर्यंत पुरेल असा अंदाज होता. तिच्या लावणीच्या तारखेप्रमाणे तोडही साधारण तेव्हाच येत होती. पाणी आणि पाळी बरोबर जुळत होती. मी पडद्यावर तिचं नाव काढून बघायचे आणि निर्धास्त व्हायचे.

अशात कारखान्यानं नवं यंत्र घेतलं. जुनं होतं पुण्याच्या एका कंपनीचं, भाड्यानं आणलेलं. नवं स्वतःच्या मालकीचं, बँकेत होतं त्या जातीचं. फ्लॉपी दोन्हीकडे तेवढीच मोठी, तशीच काळी, चौकोनी पाकिटातली. मी जुनी फ्लॉपी नव्या यंत्रात घातली. ते थोडा वेळ कुरकुरलं आणि वाचता येत नाही म्हणून मोकळं झालं.

आमचे हेडक्लार्क तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. माणूस सरळ. माझ्या हातचा चहा सगळ्यांसमोर पिणारे ऑफिसातले पहिले तेच. ते चष्मा वर करून म्हणाले, "अगं, दोन्ही सारख्याच की! कुठलीबी कॅसेट कुठल्याबी टेपात वाजतीच ना?"

पुण्याहून इंजिनिअर आला. जुनं यंत्र परत न्यायलाच आला होता, पण मुलगा भला होता, मजकूर काढून द्यायला तयार झाला. यंत्राच्या आत एक व्यवस्था असते, फ्लॉपीवर कुठून कुठं लिहायचं ते ती ठरवते, आणि या दोघांची व्यवस्था वेगळी आहे, असं त्यानं सांगितलं. हेडक्लार्कांच्या डोक्यात ते शिरेना. मग मीच म्हणाले, "साहेब, येडशीला भरलेला छोट्या रेल्वेचा डबा कुर्डुवाडीला मोठ्या रुळावर चढतो का?"

"कसा चढंल? पोती उतरून दुसऱ्या गाडीत भरावी लागत्यात."

"तेच करायचंय."

इंजिनिअर हसला आणि त्यानं ही उपमा पुढं सगळीकडे वापरणार म्हणून सांगितलं. दोन्ही यंत्रं पाठीला पाठ लावून त्यानं मधे एक वायर जोडली. जुन्यातला मजकूर आधी अगदी साधा करून घेतला, नुसती अक्षरं, आकडे आणि मधे स्वल्पविराम. साधा मजकूर कुठलंही यंत्र वाचतं, नखरे केले की अडतं, हे मी त्याच्याकडून शिकले. जुनं यंत्र तारखेत दिवस आधी लिहायचं, नवं महिना आधी धरायचं. तेही त्यानं पकडलं, नाहीतर निम्म्या तालुक्याच्या लावणीचा घोळ झाला असता. आम्ही गावागावानं नोंदी ताडून पाहिल्या. सगळं जसंच्या तसं उतरलं होतं.

नव्या यंत्रात मजकूर पोटात ठेवायची सोय नव्हती, ते महागडं मॉडेल कारखान्यानं घेतलं नव्हतं. जे काही होतं ते नव्या फ्लॉप्यांवर. जाताना इंजिनिअरनं बजावलं, "प्रत्येक फ्लॉपीची एक नक्कल करा, आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवा." नकलांसाठी कोऱ्या फ्लॉप्या हव्या होत्या. मी त्याच दिवशी मागणी टाकली. पण सहकारी संस्थेत खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात, मग खरेदी समिती बसते. दोन दुकानांची कोटेशनं आली. तिसरा दुकानदार सापडेना, कारण धाराशिवात फ्लॉपी विकणारा तिसरा माणूसच नव्हता. मी रोज विचारायचे. रोज उत्तर मिळायचं, "दसऱ्यानंतर बघू." जुनं यंत्र ट्रकमध्ये चढून पुण्याला गेलंसुद्धा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कारखान्यात ती मोठी. मिलच्या रोलरपासून गवंड्याच्या थापीपर्यंत सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. मी नवमीला दुपारच्या एसटीनं गावी निघाले. दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली होती. दरवर्षीच जायचे, त्यात कुणाला नवल नव्हतं. कपाटाची किल्ली हेडक्लार्कांकडे असायची.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. यंत्राची पूजा केली, तेव्हा एक संचालक म्हणाले, खरं हत्यार तर त्या तबकड्या, सगळी अक्कल त्यांच्यातच हाय. मग फ्लॉप्या काढल्या. कागदी पाकिटातनं बाहेर काढून पाटावर मांडल्या, कारण पूजा वस्तूची करायची, पाकिटाची नव्हे. फ्लॉपीच्या काळ्या आवरणात एक लांबट खिडकी असते, तिच्यातनं आतली चकती दिसते. हेडक्लार्कांना ती जागा कपाळासारखी वाटली. त्यांनी प्रत्येकीच्या तिथंच ओल्या बोटानं हळद लावली, वर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मनापासून लावलं असणार. त्यांची पूजा कधी उरकल्यासारखी नसायची.

दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू करावं म्हणून त्यांनी पहिली फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्रानं ती खरवडली. चालेना म्हणून दुसरी घातली. आता आतल्या वाचणाऱ्या टोकाला पहिलीची हळद आणि तांदळाची कणी चिकटलेली होती, त्यानं दुसरीही खरवडली. मग तिसरी. माणूस किल्ली लागेना म्हणून सगळ्या किल्ल्या लावून बघतो, तसं त्यांनी केलं. मी परत आले तेव्हा हेडक्लार्क खुर्चीत बसून होते आणि त्यांचं धोतर हळदीनं पिवळं झालेलं होतं. "मी काय वाईट केलं गं?" म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी कापूस घेऊन फ्लॉप्यांपाशी बसले.

एक-दोन फ्लॉप्या पुसून कशाबशा वाचल्या. तेरकडच्या गटाची, म्हणजे आत्याच्या गावाची, गेली ती गेलीच.

जुन्या यंत्राच्या फ्लॉप्या मात्र कपाटात धडधाकट होत्या. पूजेतून त्या सुटल्या, कारण त्या आता हत्यार राहिल्या नव्हत्या. त्यांच्यात आत्याची लावण, तारीख, सगळं होतं, आणि ते वाचणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा काखेत असून झाकण उघडेना. मी पुण्याला ट्रंककॉल लावला. आमचं यंत्र तिथं पोचताच सुट्या भागांसाठी खोललं होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात तशाच व्यवस्थेचं जुनं यंत्र होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. तिथल्या सरांनी खूप खटपट केली. व्यवस्थेचं नाव एक असलं तरी प्रत्येक कंपनीनं फ्लॉपीवरची आखणी आपापल्या सोयीनं केलेली, असं ते म्हणाले. मी फ्लॉपी पदराखाली धरून शेवटच्या एसटीनं परत आले. धुळीनं तिचं काही होऊ नये म्हणून जपत होते. काय जपत होते कोण जाणे.

मूळ कागद यंत्रात भरून झाल्यावर रद्दीत गेले होते, म्हणून शेतकी खात्यानं तोवर दुसरा मार्ग काढलाही होता. गटागटांतून नोंदी नव्यानं मागवल्या. त्या आल्या आणि मी त्या भरायला बसले. संचालकांच्या गावांत झाडून सगळा ऊस दिवाळीच्या आधीच लावलेला निघाला. जी रानं मी स्वतः माघात नांगरलेली बघितली होती, तीसुद्धा. आणि आत्याची लावण माघातली झाली होती. बळी तो कान पिळी, त्यात नवीन काही नाही. पण ते मला माझ्या बोटांनी टाइप करायला लावलं, याची चीड अजून जात नाही.

मी शेतकी अधिकाऱ्याकडे गेले. म्हटलं, "ही तारीख खोटी आहे. आधीची नोंद मीच भरली होती."

तो पान लावत होता. "मशीनमधी दाखवा."

"मशीनमधलं गेलं, तुम्हाला माहीत आहे."

"मग आता मशीनमधी हाय ते खरं. तुमीच सांगत हुता न्हवं का बाई, मशीनला पाव्हणं-रावळं नसत्यात?"

बाहेर बसलेले दोघे-तिघे हसले. जाताना त्यांतला एक ऐकू येईल असं बोलला, की ज्यांना आपले देव चालत नाहीत, त्यांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं. हळद कुणी लावली आणि कोप कुणामुळे झाला, याचा हिशेब आमच्याकडे असा लागतो. मी तेव्हा उलट बोलले नाही, नोकरीची भीती होती. आज बोलले असते.

मार्गशीर्षात आत्याची विहीर तळाला गेली. ती कारखान्यात आली, शेतकी अधिकाऱ्याच्या दारात दिवसभर बसली, पाळी माघाच्या पुढं आहे एवढं ऐकून परत गेली. नंतर मी रविवारी तिच्याकडे जायचे. ती आणि मुलगी विहिरीत उतरून वाटीनं पाणी घागरीत भरायच्या आणि कडेच्या चार सऱ्यांना घालायच्या. मधला ऊस आधी पिवळा पडला, मग पांढरट. पानं एकमेकांवर घासली की कागदासारखी वाजायची. आत्या मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

फाल्गुनात तिला तोडीची चिठ्ठी आली. टोळीचा मुकादम बांधावर उभा राहिला, एक कांडं मोडून बघितलं. आत भुसा होता. "ह्याला कोयता लावायचा म्हंजी कोयत्याचं नुकसान," म्हणाला आणि टोळी पुढच्या रानात घेऊन गेला. छावणीवाल्यांनीही तो ऊस जनावरांसाठी नको म्हटलं. आत्यानं काही दिवस तो चुलीला वापरला. मग एका सकाळी काडी लावली.

पुढच्या दिवाळीआधी घाटाखालच्या कारखान्यांचे ट्रक आमच्या भागात टोळ्या न्यायला आले. कोयता म्हणजे जोडपं, नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. मायलेकींचा मिळून एक कोयता धरायला मुकादम तयार नव्हता. आत्यानं त्याला गळ घातली तेव्हा कबूल झाला. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. बोर्डिंगातून तिची पेटी मीच घेऊन आले होते. ट्रकमध्ये चढताना तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

आत्याचं बिऱ्हाड आधीच वर गेलं होतं, पातेली, वाकळा, ज्वारीचं पोतं. नवा कोयता तिनं फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला होता. मी विचारलं, "आत्या, जमंल का गं तुला तोडायला?"

"आता बघायचं," ती म्हणाली. "ऊस लावलाय म्या, पाणी दिलंय, खुरपलाय. तोडलेला तेवढा बघायचा राहिलाय."