मेडरूममधला अजगर

मुलीच्या मैत्रिणीचं कुटुंब मस्कत सोडून कॅनडाला चाललं होतं. त्यांचा सोफा कुणी नेला, फ्रिज कुणी नेला, कुंड्या शेजारच्यांनी उचलल्या, आणि अजगर आमच्या वाट्याला आला.

मी नाही म्हटलं असतं, पण तेवढा वाद घालायचं त्राण नव्हतं. ऑफिसात ऑडिट लांबलं होतं. रुवीहून अल हैलला पोचेपर्यंत रोज हायवेवर अंगातला उरलासुरला जीव जायचा. त्या दिवशी दार उघडलं तर मुलगी चपलांच्या स्टँडपाशीच उभी.

"मम्मा, पप्पांनी यस म्हटलं."

पप्पा म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा लांब दुक्मला साइटवर होता आणि इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी लागली की गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. आठवड्याच्या शेवटी पाहुण्यासारखं येणाऱ्या माणसाला घरात साप आणायला हो म्हणणं फार सोपं असतं. मी पर्स ठेवली आणि म्हटलं, "ठीक आहे. पण मी त्याला हात लावणार नाही."

त्याला आणायला आम्ही दोघी गेलो. मैत्रिणीची आई केरळची, इथल्या एका शाळेत शिकवायची. रिकाम्या घरात, खोक्यांच्या मधोमध उभं राहून तिने मला हिंदीत सगळं समजावलं. "एक हफ्ता हाथ मत लगाना. दो डिब्बे रखे हैं, छुपने के लिए. एक तरफ गरम, एक तरफ थोड़ा ठंडा. डरता है तो गोला बन जाता है. बस, चुपचाप छोड़ देना." मग उशीच्या अभ्र्यात घातलेला, गाठ मारलेला तो जीव तिने प्लास्टिकच्या डब्यात ठेवला आणि डबा माझ्याच हातात दिला. अजगर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बोकड गिळून पडलेलं धूड होतं. हा दुपट्याच्या गुंडाळीएवढा होता. अभ्र्याच्या आत नुसतं एक जड, गार वजन. गाडीत मुलीने डबा मांडीवर घेतला आणि घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.

त्याची काचेची पेटी ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. आमच्या घरात मार्चपासून एसी चालू असतो आणि माझं वय असं, की मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं. मला माझ्या खोलीत हिमालय लागतो. मुलीलाही एसीशिवाय झोप नाही. आणि या महाशयांना ऊब हवी. शेवटी स्वयंपाकघरामागची छोटी खोली ठरली. इथे तिला मेडरूम म्हणतात, पण आमच्याकडे कामाला राहणारी बाई कधीच नव्हती. तिथे सूटकेसा, तांदळाची पोती आणि गणपतीच्या मखराचं सामान असायचं. आम्ही दोघींनी ते सगळं सरकवलं, भिंतीला लागून एक कपाट आडवं टाकलं आणि त्यावर पेटी ठेवली. खाली गरम होणारी चटई, दोन बाजूंना दोन लपायचे डबे, पाण्याचं भांडं. मुलीने अभ्र्याची गाठ सोडली. तो बाहेर आला, तपकिरी-काळा, खरंच मुठीसारखा वळलेला, आणि डोकं मधोमध लपवून तसाच बसून राहिला.

"ही इज स्केअर्ड," मुलगी म्हणाली. "त्याला... घर बदललं ना, सो."

मी कणीक भिजवायला गेले.

आठवडा त्याला कुणी हात लावला नाही. मग खायला घालायची वेळ आली. आमच्या फ्रीजरमध्ये सुरमई, कोळंबी आणि खवलेलं खोबरं असतं. त्यांच्या शेजारी आता आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात गोठवलेले उंदीर आले होते. सासूबाईंना चिपळूणला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मुलीने उंदीर गरम पाण्यात ठेवून ऊन केला, लांब चिमट्यात धरला आणि त्याच्यासमोर हलवला. त्याने जीभ एकदा बाहेर काढली, आत घेतली, आणि पुन्हा स्वतःला गुंडाळून घेतलं. उंदीर फेकावा लागला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच.

मुलगी इंटरनेटवर काहीबाही वाचत राहायची. हे साप महिनोन्‌महिने न खाता राहू शकतात, असं तिनेच मला वाचून दाखवलं होतं, तरी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मेडरूममध्ये. झाकण उघडून बघायची, डबा उचलून बघायची, जिवंत आहे ना म्हणून.

"अगं, सारखं उघडू नकोस. कसा खाईल तो?"

"तुला काय? यू डोन्ट इव्हन लाइक हिम."

ते खरंच होतं. मला तो आवडत नव्हता आणि नावडतही नव्हता. माझ्या कामात एकाची भर पडली होती, इतकंच. मुलीची सकाळची बस लवकर असल्यामुळे त्याचं पाणी मीच बदलायची.

असं चाललेलं असताना एका मंगळवारी घरी आले, तर दाराशी नवऱ्याचे साइटवरचे बूट. आठवड्याच्या मध्ये तो कधी येत नसे. हॉलमध्ये त्याची गुंडाळलेली गादी होती, राइस कुकर, हेल्मेट, कपड्यांच्या दोन बॅगा. तो सोफ्यावर बसला होता. टीव्ही बंद होता.

"अहो, काय झालं?"

"खलास," तो म्हणाला.

म्हणजे नोकरी गेली. मी चहा टाकला, त्याने तो घेतला, मुलगी आल्यावर तिच्याशी दोन शब्द बोलला. मुलीला काय ते कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने मेडरूमचं दारही उघडलं नाही.

त्याचं सामान ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेही मेडरूममध्येच गेलं. सामानापाठोपाठ तोही. हॉलमधला एसी अंगावर येतो म्हणायचा. इतकी वर्षं पत्र्याच्या केबिनमध्ये काढलेली. गुंडाळलेल्या गादीवर बसून राहायचा, पेटीसमोर. ऑफिसातून यावं, तर सकाळी निघताना होता तिथेच. कुणाला फोन नाही, कुठे अर्ज नाही. मी विचारलं, तर म्हणायचा, "बघू." मला त्याची दया यायला हवी होती, हे मला कळत होतं. पण घरात शिरल्यावर मला फक्त सिंकमधली भांडी घासलेली हवी असायची, आणि ती तशीच पडलेली असायची.

एका शुक्रवारी मी आठवड्याचे कपडे मशीनला लावले. मशीन स्वयंपाकघरात, मेडरूमच्या भिंतीला टेकून आहे. कपडे पिळायला फिरू लागले, तसा आतून आवाज आला, "बंद कर! मशीन बंद कर!"

मी धावत गेले. वाटलं, साप पडला की याला काही झालं.

"पाण्याकडे बघ," तो म्हणाला. "आता परत चालू कर, आणि बघ."

मी मुकाट्याने जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन बघितलं. पेटीतल्या भांड्यातलं पाणी थरथरत होतं, एकात एक बारीक वर्तुळं. कपाटच थरथरत होतं. अजगराने डोकं वेटोळ्यात इतकं खोल ओढून घेतलं होतं की दिसतच नव्हतं.

"आपण समजत होतो इथे शांतता आहे. त्याला आपल्यासारखा कान नाही. पण पोटाखाली सगळं कळतं त्याला. दर आठवड्याला कपडे, दर आठवड्याला हे. कसा खाणार?"

कित्येक दिवसांत तो सलग इतकं बोलला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. उलट माझा तोल गेला.

"त्याच्या पोटाखाली काय कळतं ते तुम्हाला कळतं! सकाळपासून रात्रीपर्यंत मी काय करते ते कळतं का? कपडे कधी धुऊ मी? कुठे धुऊ? या घरात प्रत्येकाला पाहिजे तेवढी ऊब, पाहिजे तेवढा गारवा, पाहिजे तेवढी शांतता. आणि मी दमले तर मी कुठे लपू?"

माझा आवाज चिरकला. मी तिथेच स्वयंपाकघराच्या लादीवर बसले, मशीनला पाठ लावून. ते अजून घुमत होतं, पाठीत सगळं जाणवत होतं. मुलगी तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

नवऱ्याने मशीन बंद केलं. दार उघडून अजून साबण असलेले जड कपडे बादलीत काढले, दोन खेपा करून बाथरूममध्ये नेले. मग बराच वेळ आतून कपडे आपटण्याचा, पाणी ओतण्याचा आवाज येत राहिला. साइटवर तो स्वतःचे कपडे हातानेच धुवायचा, हे मला माहीत होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. त्याने सगळे कपडे धुतले, माझे गाऊनसुद्धा, आणि गच्चीवर वाळत टाकून आला. शर्ट घामाने चिंब. "उद्या भांडी मी करीन," म्हणाला. मी अजून लादीवरच होते.

रविवारी सकाळी मी निघाले, तेव्हा तो तयार होऊन गाडीपाशी उभा होता. कंपनीची गाडी कंपनीने काढून घेतल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. "रुवीला येतो. मशीनखाली घालायला जाड रबर आणायचं." वाटेत ट्रॅफिक होतंच. मी ऑफिसपाशी उतरले आणि गाडी त्याच्याकडे दिली. संध्याकाळी मला घ्यायला आला, तेव्हा मागच्या सीटवर रबराचे काळे चौकोन होते. हार्डवेअरच्या दुकानात त्याला जुन्या कंपनीतला एक फोरमन भेटला होता. दोघांनी चहा घेतला म्हणे. मी जास्त विचारलं नाही.

त्याने मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, पायांखाली रबर घातलं. पेटीखालीही घातलं. मग मुलीच्या वह्यांना घालायचा तपकिरी कागद घेऊन पेटीच्या तीन बाजू झाकल्या, म्हणजे माणसं येता-जाता त्याला दिसणार नाहीत. मुलीला समोर बसवून सांगितलं, "आता झाकण उघडायचं नाही. पाणी फक्त आई बदलेल."

"सो नोबडी टचेस हिम?"

"कुणीच नाही."

तिने ते पाळलं. मला आश्चर्य वाटलं.

पुढच्या वेळी खायला घातलं ती संध्याकाळ होती. मुलगी ट्यूशनला गेली होती आणि उंदीर तर बाहेर काढून ठेवलेला, पुन्हा गोठवता येत नाही. नवऱ्याने तो गरम पाण्यात ठेवला, पुसला, माझ्या हेअर ड्रायरने ऊन केला. तो ड्रायर मी नंतर वापरला नाही. खोलीतला दिवा बंद केला, स्वयंपाकघरातला उजेड दाराच्या फटीतून येत होता तेवढाच. मी चिमटा धरायला नाही म्हटलं, म्हणून त्याने धरला, आणि मी झाकण.

काही होणार नाही असंच मला वाटत होतं. डब्याच्या तोंडाशी अजगराचं डोकं दिसलं. जीभ आली, गेली. डोकं थोडं पुढे आलं, थांबलं. मग मला दिसलंच नाही इतक्या झटक्यात तो सुटला, आणि उंदीर त्याच्या वेटोळ्यात होता.

"घेतलं," नवरा कुजबुजला.

हलायचं नाही, असं मुलीने बजावलं होतं. आवाज झाला तर टाकून देतो. म्हणून आम्ही तिथेच उभे राहिलो, तांदळाच्या पोत्यांना टेकून. खोलीत कोंदट गरम, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा. पाय दुखत होते. अजगर सावकाश जबडा ताणून गिळू लागला. आणि तेवढ्यात अगदी हळू आवाजात, पेटीकडेच बघत, नवऱ्याने सांगायला सुरुवात केली.

त्या मंगळवारी सकाळी त्याला ऑफिस केबिनमध्ये बोलावलं होतं. प्रोजेक्ट थांबलाय म्हणाले. गाडीची किल्ली आणि लॅपटॉप टेबलावर ठेवायला सांगितलं. त्याच्या हाताखाली शिकलेला इंजिनीअर समोर होता, त्याने मान वर केली नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत त्याला घरी सोडायला पिकअप आली. "मजुरांबरोबर जेवायचं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "एकाला मुलगा झाला होता, त्याने बिर्याणी मागवली होती. मला निरोपही घेता आला नाही कुणाचा."

माझा एक हात रिकामा होता, तो मी त्याच्या घामेजलेल्या पाठीवर ठेवला. उंदराची शेपटी तेवढी बाहेर राहिली होती, मग तीही गेली.

मुलगी आली, तेव्हा तिला आनंद झाला आणि रागही आला. "विदाउट मी?" म्हणून ती जेवायलाच बसेना. पुढच्या वेळी तिने घातलं, आणि त्याने तिच्याही हातून घेतलं. त्यानंतर त्याने खाण्यावरून कधी त्रास दिला नाही.

नवऱ्याला काम मिळालं ते शाळेची उन्हाळी सुट्टी संपल्यावर. त्या फोरमनने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला. कंपनी लहान, हुद्दा खालचा, जागा सोहार. मधले महिने सोपे गेले नाहीत. भांडी मात्र तो निघायच्या दिवसापर्यंत घासत होता. आता पुन्हा तो गुरुवारी संध्याकाळी येतो. मुलगी बारावीत गेली आहे, क्लास आणि अभ्यास यांतून तिला मान वर करायला वेळ नसतो. म्हणजे अजगर आता माझाच.

ऑफिसातून आले की मी आधी त्याचं पाणी बदलते. मग तिथेच तांदळाच्या पोत्याला टेकून थोडा वेळ बसते. गरम होतं, तरी बसते. तो कधी डब्यातून डोकं बाहेर काढून पाण्यापर्यंत येतो, कधी येत नाही. मग कुकर लावायला उठते.