मालवणच्या दमट हवेत काढलेला धागा

मालवणच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मुग्धाचा फोन आला. "बाबा, शुक्रवारी प्राचार्यांसमोर तंतू काढून दाखवायचेत. जमलं तरच प्रयोगासाठी खोली मिळेल. याल?" इचलकरंजीच्या सूतगिरणीत उभा जन्म घालवलेला मी, धाग्यासाठी बोलावल्यावर नाही कसा म्हणणार?

कोल्हापूरहून फोंडा घाटाची एसटी धरा आणि घाट लागण्याआधी भरपेट खाऊ नका. मी खाल्लं आणि पस्तावलो. कणकवलीला गाडी बदलून आचऱ्याला उतरलो. मुग्धा तिथे भाड्यानं राहते. घरमालकीणबाईंनी पाटावर बसवलं, बांगड्याचं तिखलं वाढलं आणि वाढता वाढता पोरीची तक्रार केली. "तुमचा चेडू जेवणाक येळेर येणा नाय. जरा सांगा तेका!"

शुक्रवारी मालवणला कॉलेजात गेलो. काचेच्या पेटीत एक सुई, समोर धातूचा पत्रा. सुईला हजारो व्होल्ट दिले, की वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या द्रावणाचा थेंब ताणला जातो आणि केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू पत्र्यावर जाऊन बसतात. मुग्धानं बटण दाबलं. पत्र्यावर नुसते निळे ओले ठिपके.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्याच्यानं राहवेना. "मुग्धा, ओल वाढव. गिरणीत धागा तुटायला लागला की आम्ही पाण्याचा फवारा सोडायचो."

"इथे उलटं आहे, बाबा. तंतू उडतानाच वाळायला हवेत."

"ऑक्टोबरात हवेत पाणीच पाणी आसा, मॅडम," प्रयोगशाळेतले परबकाका म्हणाले. त्यांनी आधी वीज बंद केली, मग पेटी उघडली. मुग्धानं ओव्हनमध्ये तापवलेले, ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे आत पसरले, फटींना टेप लावली आणि शांतपणे म्हणाली, "सर, अर्धा तास द्या."

अर्धा तास ती आर्द्रतेच्या मीटरसमोरून हलली नाही. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग पुन्हा बटण. पत्र्यावर आधी काहीच दिसेना. हळूहळू धुकं साचावं तसा निळसर पापुद्रा धरला. तिनं त्याला वीज मोजणाऱ्या दुसऱ्या मीटरच्या दोन टोकांनी स्पर्श केला. आकडा आला, म्हणजे तंतूंमधून वीज वाहत होती.

"व्हतलाच म्हणालंय ना मी!" परबकाका ओरडले. प्राचार्य म्हणाले, "खोली तुमची." मी खिडकीशी जाऊन चष्मा पुसत राहिलो.

पुढचा दिवस फिरण्याचा होता. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी लवकर गाठा, ऊन फार लागतं. खरं सांगायचं तर मी किल्ला नीट पाहिलाच नाही. होडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मुलीचा प्रयोग समजावत होतो.

घरी आल्यावर गिरणीतला जुना सोबती भेटायला आला. मुग्धानं दिलेला पापुद्र्याचा तुकडा दोन काचांमध्ये ठेवला होता, तो त्यानं उजेडात धरला. "कितव्या नंबरचं सूत?" गिरणीतल्या सवयीनं त्यानं बारीकपणा विचारला.

"आपल्या मोजणीत बसत नाही," मी म्हणालो. "पोरीनं काढलंय."