ग्रहणात शिवलेलं बटण

तान्हं मूल पाहायला आलेल्या बायका त्याची वाटणी करतात. डोळे आईचे, नाक मामाचं, कपाळ आजोबांचं. माझीही झाली असणार, पण उजव्या हातापाशी येऊन सगळ्या थांबल्या. त्या हाताची मधली दोन बोटं नखांपर्यंत एकमेकांना चिकटलेली. हा हात कोणाचा? आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, निकाल देऊन टाकला: हा हात ग्रहणाचा.

मी पोटात असताना सूर्यग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं त्या वेळात काही चिरायचं नाही, गाठ मारायची नाही, सुईला तर हातच लावायचा नाही. आई पांढुर्ण्याला सासरी अंधाऱ्या खोलीत पडून होती. बाबा सरकारी कचेरीत कारकून. दुपारच्या गाडीनं त्यांना नागपूरला साहेबापुढे जायचं होतं आणि कोटाचं बटण तुटलेलं. "एवढं लावून दे," ते म्हणाले. आईनं लावून दिलं. पुढे मी जन्मले तेव्हा आजीला ते बटण बरोबर आठवलं. ते लावायला कोणी सांगितलं होतं, हे मात्र बाबांना आठवलं नाही.

बाळंतपणाला आई सौसरला माहेरी आली होती, ती तिथेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही, फक्त न्यायला कोणी आलं नाही. बाबा सणावारी यायचे, ओसरीवर पाहुण्यासारखे बसायचे आणि चहा पिऊन जायचे. आईनं पुन्हा सुई धरली नाही. माझे फाटलेले झगे मामी शिवायची आणि प्रत्येक टाक्याला एक टोमणा मारायची. शनिवारी आई जामसांवलीच्या मारुतीला जायची. तिथे ती क्षमा मागते हे मला ठाऊक होतं, आणि मला तिचा राग यायचा.

स्वातंत्र्य आलं त्या सकाळी शाळेत पेढे वाटले. मी डावा हात पुढे केला. "आजच्या दिवशी डावा? उजवा काढ," गुरुजी म्हणाले. काढला. गुरुजींनी पेढा वरूनच सोडला, हाताला हात लागणार नाही इतक्या वरून. पेढा चांगला होता. मी खाल्ला.

बोटं मला आईच्या पोटात मिळाली. पण हात ओढणीखाली ठेवायचा, चारचौघींत मागे बसायचं, कुठे कोणी हसलं की आपल्यालाच हसलं असं समजायचं, हे सगळं बाहेर आल्यावर मिळालं. गावानं हौसेनं दिलं आणि मी मुकाट्यानं घेतलं. मी फार एकटी होते. आई माझ्याहून एकटी होती. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो, पण तिला माझ्या हाताकडे पाहवत नसे. वेणी घालताना ती माझ्या पाठीमागे असायची, तेवढ्या वेळातच काय ती मोकळं बोलायची.

मी मोठी झाले आणि राज्यं बदलली. नागपूरची राजधानी गेली. कचेरीतल्या लोकांची भोपाळ की मुंबई अशी वाटणी सुरू झाली. बाबा नागपूरच्या बाजूनं राहिले, आमचं सौसर आणि त्यांचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. "आपुन मराठी लोकं इकडंच राहून गेलो," म्हणून मामा हळहळले. मला काही वाटलं नाही. बाबांच्या आणि आमच्या मध्ये सीमा होतीच. आता ती नकाशात आली, एवढंच.

त्याच सुमारास माझं लग्न झालं, बोरगावला, कापूस-संत्र्याची शेती असलेल्या घरात. मला पाहायला आले तेव्हा आईनं स्वतःच माझा हात पदराबाहेर काढून दाखवला. होणाऱ्या सासूनं बोटं दाबून पाहिली.

"कापूस येचता येते ना व?"

"येते," मी म्हणाले.

"मंग झालं तं."

मला दिवस गेले आणि आईची झोप उडाली. तिनं मला सातव्यातच सौसरला आणलं. नेमकं तेव्हाच ग्रहण आलं. आईनं दार लावलं, माझ्यासमोर बसली आणि माझे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून ठेवले. मला नाकाला खाज सुटली तर तीही तिनंच खाजवली. माझा उजवा हात तिनं इतका वेळ कधी धरला नव्हता. ग्रहण जरा लांबलं तर बरं, असं मला वाटत राहिलं.

मुलगा झाला. सुईणीनं त्याला पुसून माझ्याजवळ दिलं. मी त्याची उजवी मूठ उघडली. तीच दोन बोटं, तशीच चिकटलेली. मला रडू फुटलं, आणि आई चक्क हसली.

"तुवा तं सुई पाह्यली बी नाही," ती म्हणाली. "मीच तुले धरून बसली होती. मंग हे कोनं शिवलं व?"

मला तिचा संताप आला. माझ्या लेकरापुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं, आणि ही हसून राहिली होती. थोड्या वेळानं कळलं की ती रडतही होती. माझं जेवढं वय, तेवढी वर्षं ते बटण तिनं डोक्यावर वाहिलं होतं.

बाळ सव्वा महिन्याचं झालं. बाबा सुटीवर पांढुर्ण्याला आलेत असं कळलं. "चाल, त्याहिले नातू दाखवू," आई म्हणाली. मी जन्मल्यापासून ती त्या घरात गेली नव्हती. वाटभर ती ताठ बसून होती. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्या घरात, आजीच्या देखत, कोणीतरी एकदा म्हणायला हवं होतं की बाई, तुझी काही चूक नव्हती.

बाबा खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. शेजारच्या बायका जमल्या होत्या. आजीनं बाळाचा हात पाहिला आणि ओठ आवळले. ती काही बोलायच्या आत आईनं बाळाला उचललं आणि रीतीप्रमाणे बाबांच्या पायांवर घातलं.

बाबांच्या पायांची अंगठ्याजवळची दोन-दोन बोटं जोडलेली होती. लपलेली कधीच नव्हती. आजीनं त्यांच्या लहानपणापासून पाहिली होती, आईनं पाहिली होती, पाया पडताना मीही पाहिली असतील. पण पुरुषाच्या पायाच्या बोटांची चौकशी कोण करतं? आता बाळाचा हात त्यांच्या अगदी जवळ उघडा पडला होता, आणि तिथे असलेल्या प्रत्येकीला तो दिसत होता.

आजी जोरात हसली. "अवं माय! आज्यावरच गेला व पोट्टा!"

"राजयोग हाये," एक शेजारीण म्हणाली.

बाबांनी बाळाला उचललं आणि त्याचा हात वर धरून सगळ्यांना दाखवला. "माह्यावर गेला," ते म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आजीनं मीठमोहऱ्या आणून बाळाची दृष्ट काढली.

आई उभीच होती. हसणं ओसरल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात बाबांच्या पुढ्यात नेला.

"अन् हे पोरगी," ती म्हणाली, "हे कोनावर गेली होती?"

बायका एकेक करून उठल्या. आजी चहाचं पाहायला आत गेली. बाबांनी माझ्या हाताकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बाळ माझ्या ओटीत दिलं.

"तुमची सौसरची शेवटची मोटार किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.