पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

साफीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जी सात कॉफीघरं आहेत, त्यांत थामी दिवसाआड जात असे. जाण्याची त्याची एक पद्धत ठरून गेली होती. खांद्यावरची कापडी पिशवी पोटाशी घ्यायची, आत शिरताना कोणाच्या नजरेला नजर द्यायची नाही, आणि प्रत्येक मेजावर, पेल्यांपासून चार बोटं दूर, आपल्या कादंबरीची एकेक प्रत ठेवत शेवटच्या मेजापर्यंत जायचं. तिथे भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ थांबायचं आणि मग त्याच क्रमाने परत येत प्रती उचलायच्या. कागदी रुमालांची पाकिटं विकणाऱ्या बायका असंच करतात. जन्मनोंदणीच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती; पण 'माझं पुस्तक घ्या' असं तोंडाने म्हणण्यापेक्षा ते त्याला सोपं वाटे.

बहुतेक लोक पुस्तकाला हात लावत नसत. एखादा त्यावर साखरेच्या वड्या मांडी, एखादा मागच्या पानावरचा थामीचा फोटो पाहून मग थामीकडे पाही, आणि छातीवर हात ठेवून म्हणे, "अल्ला आसान करो, सी थामी." दारात आलेल्या भिकाऱ्याला रिकाम्या हाती वाटेला लावताना जे म्हणायचं, तेच हे शब्द; नावाआधीचं आदराचं 'सी' तेवढं जास्त. क्वचित कोणी दयाळू माणूस प्रतीवर एक नाणं ठेवून प्रत नाण्यासकट त्याच्याकडे सरकवी. थामी नाणं मेजावर ठेवी आणि पुस्तक उचली.

"घेत जा हो नाणं," वेटर जिलाली मोठ्याने म्हणे. "पुस्तक त्यांना नकोच आहे. निदान पुण्य तरी लागू दे बिचाऱ्यांना!"

लोक हसत. थामीही हसे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम छापखान्यात घालून त्याने हजार प्रती काढल्या होत्या. तीन वर्षांत दोनशेच्या वर काही गेल्या, उरलेल्या पलंगाखाली, पलंगावर आणि न्हाणीघराच्या माळ्यावर होत्या. तरीही तो हसू शकत होता, कारण पुस्तकाने आपलं खरं काम पहिल्या आठवड्यातच केलं आहे, अशी त्याची खात्री होती.

ते काम म्हणजे त्याचा थोरला भाऊ महजूब.

कुंभारांच्या टेकडीवर त्यांच्या वडिलांची भट्टी होती. चाकावरचा हात थोरल्याचा. धाकट्याला पुस्तकांचं वेड. थामी सोळा वर्षांचा असताना, लग्नसराईच्या तोंडावर, भट्टीत तीन महिन्यांचं काम रचलेलं होतं. दुपारची पाळी महजूबची होती. निवांत वाचता येईल म्हणून थामीने ती मागून घेतली. वडिलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचता वाचता आच उतरली. घाबरून त्याने वाळकं जळण एकदम आत लोटलं, ज्वाळा उसळल्या, आणि आतली भांडी तडातड फुटू लागली. तो आवाज टेकडीभर ऐकू गेला. महजूबने वडिलांना सांगितलं की पाळी थामी सांभाळत होता. वडिलांनी थामीला विचारलं, "तू होतास तिथे?" थामी म्हणाला, "नव्हतो." स्वतःची चूक धाकट्यावर ढकलणारा मुलगा वडिलांनी त्याच संध्याकाळी टेकडीवरून खाली घालवला. महजूबने सार्डिनच्या गोदीत पेट्या उचलल्या, दोन बोटं गमावली, मातीला पुन्हा हात लावला नाही. वडील वारले ते त्या एका शब्दावर विश्वास ठेवूनच.

चव्वेचाळीस वर्षं दोघा भावांत मयतीपुरतं आणि ईदेपुरतं बोलणं राहिलं. कादंबरी थामीने लिहिली ती त्या दुपारसाठी. नावं बदलली होती, आणि शेवटी थोरला धाकट्याला घरात घेतो एवढं मनाचं घातलं होतं; बाकी काही बदललं नव्हतं. पुस्तकाच्या मध्यावरचं प्रकरण त्या भट्टीचं होतं, आणि ते 'मीच होतो' या दोन शब्दांवर संपत होतं. छापून आलेली पहिली प्रत त्याने महजूबच्या घरी पोहोचवली. आठव्या दिवशी महजूब त्याच्या दारात उभा राहिला, हातात भाजलेल्या सार्डिनची ताटली.

"वाचलं," तो म्हणाला. "झालं ते झालं."

तेव्हापासून दर शुक्रवारी, नमाजानंतर, महजूबच्या मुलीच्या घरी दोघे भाऊ एका थाळीत कुसकुस खात होते. ज्या माणसापाशी असा शुक्रवार आहे, त्याला जिलालीचे टोमणे कितीसे लागणार?

मार्चमधल्या एका बुधवारी थामी प्रती उचलत दारापर्यंत आला, तेव्हा एक बाई वाट अडवून उभी राहिली. पन्नाशीची, ओल्या टाचांची, हातात त्याचंच पुस्तक. कोपरे भिजून फुगलेले.

"हे तुमचं ना? मग उरलेलं कुठंय?"

"उरलेलं?"

"मी बाहिया. वरच्या हम्मामच्या दारात बसते, बायकांची गाठोडी सांभाळते. कुणीतरी हे विसरून गेली, परत मागायलाही आली नाही. म्हटलं, आपण वाचू. शहाण्णव पानं झाली, आणि पुढे काय, तर पुन्हा एक्क्याऐंशी! मला वाटलं, माझंच डोकं फिरलं वाफेने. पुन्हा शहाण्णवपर्यंत गेले, पान उलटलं, तर एकशे तेरा. बाप मेलेला, थोरला गोदीत. अहो, मधे काय झालं? भट्टी बिघडवली कुणी? आठ दिवस डोकं खातंय माझं."

"एवढीच प्रत तशी असेल, लल्ला बाहिया," थामी अदबीने म्हणाला, आणि पिशवीतून दुसरी काढून तिच्यासमोर उघडली. मग तिसरी. तिसरी त्याने स्वतःच मिटली.

"लल्ला," मागून जिलाली म्हणाला, "तीन वर्षांत या माणसाकडे पानं मागणारी तुम्ही पहिल्याच!"

घरी जाऊन थामीने पलंगाखालच्या सत्तावीस प्रती उघडल्या, मग उघडणं थांबवलं. सोळा पानांचा सहावा फर्मा दोनदा शिवला होता, सातवा कुठेच नव्हता. छापखान्यातल्या कोणाच्या तरी हाताखाली चुकीचा गठ्ठा आला असणार, आणि तोच हजार वेळा उचलला गेला असणार. मुद्रितं थामीने सुट्या कागदांवर तपासली होती. शिवून आलेल्या पुस्तकात मात्र तो पहिल्या चार पानांपलीकडे कधी गेला नव्हता. कुठे वाचून दाखवायचं झालं तरी तीच चार पानं. सातव्या फर्म्यात काय आहे ते त्याला पुरेपूर माहीत होतं, आणि म्हणूनच तो उघडण्याची इच्छा त्याला कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो उस्ताद मक्कींकडे गेला. निवृत्त शिक्षक, पुस्तकाची प्रस्तावना त्यांची, आणि प्रकाशनाच्या सभेत ज्वाळांच्या वर्णनावर वीस मिनिटं बोलले होते तेही तेच.

"उस्ताद, भट्टीचं प्रकरण तुम्ही कुठे वाचलंत?"

"कुठे म्हणजे? पुस्तकात."

"पुस्तकात ते नाही."

मक्कींनी चष्मा काढून पुसला. "मग हस्तलिखितात वाचलं असेल."

"हस्तलिखित मी कुणालाच दिलं नव्हतं."

"असं," मक्की म्हणाले. त्यांनी किटली पुढे ओढली. "चहात पुदिना घालू ना, सी थामी?"

थामीने चहा घेतला. मक्कींचा त्याला राग आला नाही. ज्यांनी रस्त्यात थांबवून 'फार सुंदर' म्हटलं होतं, त्या कोणाचाच आला नाही. त्याचं मन एकाच जागी अडकलं होतं. महजूबने 'वाचलं' म्हटलं होतं. जे छापलंच गेलं नव्हतं, ते त्याने कसं वाचलं? मक्कींसारखंच वाचलं असेल, तर गेल्या तीन वर्षांतला एकेक शुक्रवार हवेत उभा होता. आणि खरंच वाचलं असेल, तर त्याने माफ केलं ते नेमकं कशाला?

शुक्रवारी निघताना त्याने मूळ वही सदऱ्याच्या आत घातली.

महजूबची मुलगी थाळी ठेवून आत गेली. महजूब नेहमीप्रमाणे उजव्या तळहातावर कुसकुस घेऊन फिरवू लागला. तीन बोटांच्या त्या हातात गोळा असा घोटीव व्हायचा की तोंडात टाकायला जीव होऊ नये.

"खूया," थामीने भावाला नेहमीची हाक मारली, "माझं पुस्तक तू वाचलं होतंस ना?"

"दोनदा."

"सगळं?"

"बोट फिरवत फिरवत. चष्मा नवा करून घेतला होता त्यासाठी."

"त्यात पानं कमी आहेत. सत्त्याण्णव ते एकशे बारा. मला परवा कळलं. शिवताना चूक झाली."

महजूबने गोळा थाळीच्या काठावर ठेवला. "शहाण्णवला तो पोरगा भट्टीपाशी पुस्तक घेऊन बसतो. मी म्हटलं, आता येईल. पान उलटलं, तर तो पुन्हा वाडगेच रचतोय. म्हटलं, बरोबर आहे, धीर गोळा करतोय. मग पुन्हा शहाण्णव. मग एकदम बाप मेलेला."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, लिहिलं होतंस आणि काढून टाकलंस. तिथे दुसरं काहीतरी भरायचं म्हणून तेच पुन्हा छापलंस."

"मी नाही काढलं, खूया! छापखान्याने..."

"ते तू आज सांगतोयस." महजूबच्या आवाजात राग नव्हता, असता तर थामीला बरं वाटलं असतं. "मी आठ दिवस विचार केला. म्हटलं, साठीचा माणूस. एवढं मोठं पुस्तक लिहिलं, हजार छापली, आणि दोन शब्द काही छापवले नाहीत. बापासमोर उभा होतास तसाच अजून उभा आहेस, चड्डीला हात पुसत. मला तुझी कीव आली रे. राग मला चव्वेचाळीस वर्षं पुरला. कीव आल्यावर दुसऱ्या दिवशी संपला. मग मासळी भाजून घेतली आणि आलो."

थामीने सदऱ्यातून वही काढली. "इथे आहे सगळं. माझ्या हाताने लिहिलेलं. मी वाचून दाखवतो."

"ठेव आत."

"एकच पान, शेवटचं."

"ठेव म्हटलं ना." महजूबने वहीवर हात ठेवला, पण ती ओढून घेतली नाही. "हे ऐकलं, तर तू भेकड नव्हतास असं ठरेल. मग मी माफ कुणाला केलं? पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल मला, रागापासून. माझ्याच्याने आता नाही होत ते. या दाराच्या आत त्या दुपारचं नाव काढायचं नाही. शपथ घे."

"खूया..."

"घे."

थामीने शपथ घेतली.

"जेव आता. गार होतंय."

थामी जेवला. काठावरचा तो गोळा तसाच राहिला, आणि मुलीने थाळी उचलताना तो मोडून बाकीच्यात मिसळला.

पुढच्या आठवड्यात त्याने ते प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि वरच्या हम्मामच्या दारात गेला. बायकांच्या न्हाणीपाशी पुरुषाने रेंगाळायची पद्धत नाही; तो भिंतीच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. बाहियाने पानं घेतली आणि तिथेच वाचायला बसली. बायका येत, गाठोडी तिच्या मांडीशी टाकत, ती मान वर न करता खुणेची दोरी त्यांच्या हातात देई. एकदा ती मोठ्याने म्हणाली, "घातलंन जळण मेल्याने!" आणि पुन्हा वाचू लागली. थामीने आपली वाक्यं वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही तिरक्या नजरेने.

वाचून झाल्यावर तिने पानांची घडी घातली आणि ती पुस्तकात, दुसऱ्या शहाण्णवच्या पुढे, दाबून बसवली.

"म्हणजे धाकट्यानेच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. पण सी थामी, एक सांगा. पुढे थोरला त्याला घरात घेतो, जेवायला बसवतो. का ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, मधली पानं नाहीत, म्हणून कळत नसेल. आता पानं वाचली, तरी कळत नाही. त्याने याला माफ कशासाठी केलं?"

जे थामीला ठाऊक होतं, ते कोणत्याच पानावर नव्हतं.

"ते मला नीट लिहिता आलेलं नाही, लल्ला," तो म्हणाला.

"हां," बाहिया म्हणाली, "तिथेच जरा कच्चं राहिलंय," आणि एका बाईचं गाठोडं घ्यायला वळली.

थामीने पिशवी पोटाशी घेतली आणि बंदराच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी बुधवार होता. शुक्रवारला अजून दोन दिवस होते.