ज्वारीचा फुटवा आणि माझी जीभ

डॉ. वामनराव साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि मला स्वस्थ बसून लिहिता येत नाही. दोनदा कागद फाडला. त्यांचं चांगलं लिहायला बसावं तर आधी माझीच चूक पुढे येते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी लाखांदूरला, साहेब डॉक्टर होते त्या गुरांच्या दवाखान्यात, मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. "तुम्हाला फार घाई दिसते," म्हणाले. तीच घाई दिघोरीत नडली.

मी एकटाच पोचलो तेव्हा दिघोरीच्या पाटलांचे तीन बैल सकाळीच मेले होते, दोन आडवे पडून थरथरत होते. एसटीच्या कंडक्टरजवळ साहेबांना चिठ्ठी दिली, तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण लोकांनी विचारलं आणि मी बोलून गेलो, "कोणी तरी विष घातलं असेल."

झालं! शेजारच्या वावरातल्या सुखदेवभाऊंवर आळ आला. बौद्ध झाल्यापासून त्यांच्या घरच्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, तो राग गावाच्या मनात होताच. माणसं काठ्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

तेवढ्यात साहेब एसटीतून उतरले. चिठ्ठीवरून ओळखून त्यांनी फोटोवाल्याकडून फोटो धुण्याचा हायपो आणला होता, कारण दवाखान्यातलं औषध संपलेलं आणि हायपोत तेच औषध असतं. "काठ्या टाका, बैल धरा!" ते ओरडले. हायपो पाण्यात कालवून पाजला. मग मेलेल्या बैलाचं पोट फाडून म्हणाले, "पाटील, हात घाला." पाटलांच्या मुठीत कापलेल्या ज्वारीचा कोवळा, विषारी फुटवा आला.

साहेबांनी मला सगळ्यांसमोर सुखदेवभाऊंच्या दारात, भाऊंपुढे उभं केलं. मी माफी मागितली. भाऊ म्हणाले, "मी सकाळपासून सांगून राहिलो, ढोरं फुटव्यात शिरले म्हणून. माह्यं कोण आयकते?"

"आम्ही आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं," साहेब म्हणाले आणि त्यांनीही हात जोडले. चूक माझी, हात त्यांचे! मी शरमेने मेलो. दोन्ही बैल संध्याकाळी उठले, पण काठ्या पाहून भाऊंच्या बायकोने लावून घेतलेलं दार काही उघडलं नाही.

साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ते दार अजून बंदच आहे असं मला वाटतं, आणि त्यापुढे माझ्यासोबत उभं राहिलेलं आता एकच माणूस उरलं आहे.